विश्लेषण : रोजच्या वापराची गाडी रेस ट्रॅकवर नेता येते का? परवडणारी ‘ट्रॅक डे’ कार कशी निवडावी?

कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि चिर्ल्याला अटल सेतू उतरतो. गाडी चालवण्याचा शौक असलेल्या पनवेलकराला दोन्ही रस्ते घराजवळचे आहेत. पण दोन्हींवर कारची कमाल वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि ती मोडणे म्हणजे दंड, खटला किंवा त्याहून वाईट काही. वेगाची हौस कायद्याच्या चौकटीत आणि सुरक्षितपणे भागवण्याचा मार्ग म्हणून ‘ट्रॅक डे’कडे पाहिले जाते. त्यासाठी कोटीची स्पोर्ट्स कार लागते, असा समज आहे. तो खरा नाही. मात्र त्यासाठी घेतलेली साधी गाडी खरोखर ‘परवडणारी’ ठरते का, याचे उत्तर गाडीच्या किमतीत नसून विम्याच्या कागदात, ब्रेकमध्ये आणि परतीच्या प्रवासात आहे.

ट्रॅक डे म्हणजे नेमके काय?

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. रेस ट्रॅक काही तासांसाठी हौशी चालकांना खुला केला जातो. ठरावीक शुल्क भरून आणि जबाबदारीच्या हमीपत्रावर सही करून स्वतःची गाडी ट्रॅकवर नेता येते. चालकांचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गटाला साधारण १५ ते २० मिनिटांची सत्रे मिळतात. क्रमांक काढले जात नाहीत, ओव्हरटेक कुठे करायचा याचे नियम असतात आणि पहिल्यांदा येणाऱ्याला सुरुवातीची माहिती दिली जाते. शर्यतीत उतरायचे असेल, तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया म्हणजेच एफएमएससीआयचा परवाना लागतो. ट्रॅक डेला सहसा नेहमीचा वाहन परवाना पुरतो.

ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावतात. समोरून ट्रक येत नाही, मध्येच दुचाकी आडवी येत नाही. वळणाबाहेर घसरलेल्या गाडीसाठी मोकळी जागा असते. ठिकठिकाणी झेंडे घेऊन मार्शल उभे असतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. लाल म्हणजे सत्र थांबवले. काळा म्हणजे तुम्हाला पिटमध्ये बोलावले आहे. ट्रॅकची खरी किंमत या व्यवस्थेची आहे, डांबराची नाही.

पनवेलहून ट्रॅक किती दूर?

देशातील जुना आणि सर्वाधिक वापरातील ट्रॅक चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागात इरुंगट्टुकोट्टई येथे आहे. तो ३.७ किलोमीटर लांबीचा असून १९९० पासून तिथे शर्यती होतात. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट पाच किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा आहे. तिथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती आणि २०२३ मध्ये मोटोजीपी झाली. पनवेलहून या तिन्ही ठिकाणी जायचे, तर एका बाजूचा प्रवास ढोबळमानाने १३०० किलोमीटर किंवा त्याहून जास्त पडतो.

महाराष्ट्रातील पर्याय जवळचे आहेत. तळेगावजवळ नाणोली येथे स्पीडवे तयार झाला आहे. पनवेलहून द्रुतगती मार्गाने तळेगाव सकाळच्या वेळी दीड तासाच्या आत गाठता येते. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील ड्रॅग प्रकारचे कार्यक्रम झाले आहेत. मात्र ड्रॅगमध्ये फक्त पिकअप कळतो, वळण घेण्याचे कौशल्य नाही. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा गो-कार्ट ट्रॅक आहे. या शहरातून कृष्णराज महाडिक आणि ध्रुव मोहिते यांच्यासारखे चालक राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोहोचले. कुठलाही ट्रॅक हौशी चालकांना रोज खुला नसतो. तारखा आणि प्रवेशाच्या अटी ठरल्याशिवाय गाडी घेण्याची घाई करू नये.

ट्रॅक दूर आहे, मग द्रुतगती मार्गच का नको?

अनेकांच्या मनात येणारा हा प्रश्न आहे आणि त्याला आकड्यांतच उत्तर देता येते. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि सावध चालक, असे सगळे अनुकूल धरू. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी पूर्ण थांबेपर्यंत साधारण ९० मीटर लागतात. ताशी १४० ला हेच अंतर दीडशे मीटरच्या पुढे जाते. त्यातले जवळपास ५८ मीटर तर ब्रेक लागण्याआधीच संपलेले असतात. घाटाच्या पायथ्याशी ताशी ४० ने चढणारा कंटेनर समोर असेल, तर १४० ने येणारी कार दर सेकंदाला त्याच्या २८ मीटर जवळ जाते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातील ७१.२ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेग या कारणाखाली आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात १५ हजार २२४ जण दगावले. पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. सार्वजनिक रस्त्यावरच्या वेगाची किंमत बहुतेकदा गाडीबाहेरचा माणूस मोजतो.

कायद्यानेही ही वाट बंद केली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेतल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. निष्काळजीपणे कुणाचा जीव गेल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होते. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून स्वयंचलित कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू आहे. त्यामुळे ‘रात्री कोण बघतंय’ हा हिशेबही आता चालत नाही.

गाडीत कोणते बदल करता येतात?

ट्रॅकवर नेलेली गाडी चालवतच घरी आणायची असेल, तर ती दोन्ही वेळा रस्त्याच्या नियमांत बसली पाहिजे. इथे बहुतेकांची गल्लत होते. परदेशातील व्हिडीओ पाहून सायलेन्सर, सस्पेन्शन, बकेट सीट, रोल केज अशी यादी तयार होते. आपल्याकडे कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. कलम १८२ अ (४) नुसार अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कर्कश सायलेन्सरसाठी कलम १९० (२) आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरण्याची तरतूद आहे.

रोल केजचा धोका तर उलटाच आहे. हेल्मेट घालून ट्रॅकवर जीव वाचवणारी तीच पोलादी नळी रस्त्यावर, हेल्मेट नसताना, किरकोळ धडकेत डोक्याला लागू शकते. मूळ सीट बेल्ट काढून चार किंवा पाच पट्ट्यांचा हार्नेस बसवला की बेल्ट आणि एअरबॅग यांची एकत्र काम करण्याची रचना मोडते.

मग उरते काय? त्याच मापाचे पण चांगल्या पकडीचे टायर, त्याच गाडीसाठी बनवलेले चांगल्या दर्जाचे ब्रेक पॅड, ताजे ब्रेक ऑइल, नवे शॉक अॅब्सॉर्बर, नवे बुश आणि नेमके केलेले व्हील अलाइनमेंट. हे बदल नाहीत, देखभाल आहे. नवशिक्याला फरकही यानेच सर्वांत जास्त पडतो.

विमा लागू होतो का?

साधारणपणे नाही. खासगी कारच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा भाग असतो. संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे प्रकार त्यात विम्याच्या बाहेर ठेवलेले असतात. ‘ट्रॅक डे ही शर्यत नाही’ असा युक्तिवाद करता येईल, पण ‘वेगाची चाचणी’ हे शब्द पुढ्यात आले की दावा मंजूर होण्याची आशा धरणे धाडसाचे ठरते. शून्य घसारा किंवा इंजिन संरक्षणाची जोड घेतली, तरी मूळ पॉलिसीच्या मर्यादा कायम राहतात. निर्मात्याच्या वॉरंटीतही शर्यतीसारखा वापर सहसा वगळलेला असतो.

स्वतःच्या जिवाच्या विम्याचेही तेच. अनेक वैयक्तिक अपघात विम्यांत मोटर रेसिंग वगळलेले असते आणि मुदत विम्याच्या अर्जात धोकादायक छंदांची माहिती विचारलेली असते. ती लपवणे कुटुंबाला महागात पडू शकते. रस्त्यापुरतेही न्यायालयांचे म्हणणे कडक आहे. स्वतःच्याच भरधाव आणि निष्काळजी चालवण्यामुळे मृत्यू झालेल्या चालकाच्या कुटुंबाची भरपाईची मागणी कर्नाटक उच्च न्यायालयाने फेटाळली होती. त्या निकालात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये नकार दिला.

याचा अर्थ असा, की ट्रॅकवर गेलेली गाडी त्या दिवसापुरती विनाविमा समजावी. भिंतीला धडकली, तर पूर्ण नुकसान मालकाचे. हप्ते सुरू असलेली गाडी असेल, तर गाडी भंगारात आणि कर्ज डोक्यावर, अशी वेळ येऊ शकते. म्हणून निवडीचा पहिला नियम हा : कर्ज काढून ट्रॅकसाठी गाडी घेऊ नये आणि घरातली एकमेव गाडी पहिल्याच खेपेला पणाला लावू नये.

इंजिनची ताकद पाहावी की वजन?

आधी वजन, मग ब्रेक, त्यानंतर ताकद. चालकासह १००० किलो भरणारी गाडी ताशी १२० वर असताना तिच्यात सुमारे ५५५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते; ताशी ६० वर जेमतेम १३९. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. वळणाआधी १२० वरून ६० वर यायचे, तर मधली ४१६ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. घरातल्या भाषेत सांगायचे, तर एवढ्या उष्णतेत सुमारे १.४ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. आणि हे काही सेकंदांत, प्रत्येक फेरीत तीन-चार वेळा. गाडी ३०० किलोंनी जड असेल, तर उष्णता ३० टक्क्यांनी वाढते. टायरवरचा भारही त्याच प्रमाणात वाढतो.

हेच ताकदीचे. २०१८ च्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट ८३ हॉर्सपॉवरची आणि जेमतेम ८७० किलोंची, म्हणजे टनामागे साधारण ९५ हॉर्सपॉवर. ११५ हॉर्सपॉवरची सव्वा टन वजनाची कॉम्पॅक्ट एसयूव्ही कागदावर ताकदवान, पण टनामागे ९२ वरच थांबते. शिवाय उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असल्याने वळणात तिचे वजन बाहेरच्या चाकांवर जास्त झुकते. रस्त्यावर रुबाब देणारी उंची ट्रॅकवर तोट्याची ठरते.

कोणत्या गाड्यांचा विचार करता येईल?

मारुती स्विफ्ट : हलकी, सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि जवळपास कुठल्याही मेकॅनिकला तिची ओळख आहे. देशातील नवोदितांच्या एलजीबी फॉर्म्युला ४ गाड्यांतही स्विफ्टचेच १३०० सीसी इंजिन वापरले जाते. मागे ड्रम ब्रेक आहेत, पण एवढ्या वजनाला सुरुवातीसाठी चालून जातात. २०२४ च्या नव्या पिढीत सर्व मॉडेल्सना सहा एअरबॅग आणि ईएसपी मिळते. गाडी घसरू लागली की ईएसपी स्वतःहून सावरू पाहते, त्यामुळे शिकणाऱ्याने ती बंद करू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतील पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाल्याने नवी गाडी घेणाऱ्यालाही हा पर्याय थोडा जवळ आला आहे.

बलेनो आरएस : २०१७ ते २०२० या काळात विकली गेलेली ही गाडी फारशी खपली नाही, पण ट्रॅकच्या दृष्टीने तिची जुळणी चांगली आहे. एक लिटरचे टर्बो इंजिन, १०२ हॉर्सपॉवर, वजन एक टनाच्या आत आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. बाहेरचे पत्र्याचे भाग साध्या बलेनोशी मिळतेजुळते असल्याने सहज मिळतात. इंजिनचे खास भाग मात्र मागवावे लागू शकतात.

फोक्सवॅगन पोलो : चाकणला बनलेली ही गाडी २०२२ मध्ये बंद झाली. २०१० पासून भारतात पोलोची स्वतंत्र शर्यत मालिका झाल्याने तिच्याविषयीचे ज्ञान देशात भरपूर आहे. २०१३ च्या जीटी टीएसआयमध्ये १०५ हॉर्सपॉवर आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. त्याचे क्लच कोरडे असल्याने उष्णता हा त्याचा कच्चा दुवा आहे आणि दुरुस्ती महाग आहे. २०२० नंतरची ११० हॉर्सपॉवरची एक लिटर टीएसआय सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळते. ट्रॅकसाठी ती अधिक सोपी.

अबार्थ पुंटो : ऑक्टोबर २०१५ मध्ये ९ लाख ९५ हजार रुपयांना, दिल्लीच्या एक्स-शोरूम किमतीत, आलेली ही रांजणगावची गाडी १४५ हॉर्सपॉवरची आहे आणि चारही चाकांना डिस्क आहेत. एवढ्या पैशांत एवढा वेग त्या वेळी दुसरीकडे नव्हता. पण फियाटने भारतातला गाशा गुंडाळला आहे. सुट्या भागांसाठी आठवडेच्या आठवडे थांबण्याची तयारी आणि ओळखीचा मेकॅनिक असेल, तरच तिच्या वाटेला जावे. पहिली ट्रॅक गाडी म्हणून ती योग्य नाही.

ह्युंदाई आय २० एन लाइन : २०२१ पासून मिळणारी, १२० हॉर्सपॉवरची आणि चारही डिस्कची. २०२३ च्या बदलानंतर तिला नेहमीचा सहा गिअरचा मॅन्युअल मिळाला. किंमत वरच्या बाजूला असल्याने ‘पूर्ण नुकसान झाले तर’ हा प्रश्न इथे सर्वांत जड होतो.

जुनी होंडा सिटी व्हीटेक : १०६ हॉर्सपॉवरच्या १५०० सीसी इंजिनसाठी पंचवीस वर्षांनंतरही जिचे नाव निघते, ती ही गाडी. पण पासिंगचे नूतनीकरण, गंज आणि दुर्मीळ होत चाललेले भाग पाहता ती हौशीपेक्षा जाणकारासाठी आहे. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंधने असल्याने ती घेऊन बुद्ध सर्किटला जाण्याचा बेत तर आखूच नये.

या यादीतून एकच नाव निवडायचे, तर नवशिक्यासाठी मॅन्युअल स्विफ्ट. ती सर्वांत वेगवान नाही. पण चूक झाली तर सर्वांत स्वस्तात माफ करणारी तीच आहे.

जुनी गाडी घेताना काय तपासावे?

पहिली गोष्ट पाणी. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूणमध्ये पुराचे पाणी शिरले तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाला चिखलाचा डाग आहे का ते पाहावे, कार्पेट उचलावे, स्टेपनीच्या खाली आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर गंज शोधावा. कोकणच्या दमट हवेत ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि सस्पेन्शनचे जोडही गंजतात. गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय हे दिसत नाही.

दुसरी गोष्ट सीएनजी. पनवेल-नवी मुंबईत जुनी पेट्रोल गाडी शोधताना अनेकदा डिकीत टाकी असलेलीच समोर येते. टाकीचे वजन मागे पडते आणि गाडीचा तोल बदलतो. ती काढायची, तर आरसीवरची नोंदही बदलावी लागते. त्यापेक्षा मुळातच सीएनजी नसलेली गाडी घ्यावी.

तिसरी गोष्ट इंधन. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबरी पाइप आणि सील यासाठी बनवलेले नाहीत. ट्रॅकवर इंजिन तासन्तास तापते, तेव्हा जुना इंधन पाइप बदलून घेणे हा काहीशे रुपयांचा पण मोठा धोका टाळणारा खर्च आहे. याखेरीज परिवहन विभागाच्या अॅपवर आरसी, विमा, पीयूसी, थकीत ई-चलन आणि बँकेचा बोजा तपासावा. एमएच ०६ असो, एमएच ४३ असो की एमएच ४६, आरसी आपल्या नावावर झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर नेऊ नये.

पहिल्या ट्रॅक डेआधी पैसे कशावर खर्च करावेत?

सर्वांत आधी ब्रेक ऑइलवर. हे तेल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा मुरला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. पनवेलचा पावसाळा पाहता एक पावसाळा काढलेले तेल घेऊन ट्रॅकवर जाऊ नये. डॉट ४ भरून संपूर्ण यंत्रणेतील हवा काढून घेणे हे कुठल्याही गॅरेजमधले तासाभराचे काम आहे.

त्यानंतर टायर. पाच-सहा वर्षे जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो. सकाळी ३० अंशांवर ३२ पीएसआय भरलेली हवा टायर ८० अंशांपर्यंत तापला की साधारण ४० पीएसआयवर जाते. मग टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच टेकतो आणि पकड कमी होते. म्हणून प्रत्येक सत्रानंतर गेज लावून थोडी हवा काढावी लागते. परतीच्या प्रवासाआधी, टायर थंड झाल्यावर, हवा पुन्हा कंपनीने सांगितलेल्या दाबावर आणायची हे विसरू नये.

बाकी गोष्टी साध्या आहेत. इंजिन ऑइल आणि कूलंट ताजे हवे, बॅटरी घट्ट बांधलेली हवी, चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळलेले हवेत. डिकीतला जॅक, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरची मूर्ती असे सुटे काहीही आत ठेवू नये. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आणि बंद बूट लागतात. सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू मारावी. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवावी. तापलेले पॅड डिस्कवर किंवा ड्रमवर दाबून ठेवले की दोन्हींचे नुकसान होते.

एकूण हिशेब काय?

चेन्नईचे उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन २६०० किलोमीटर, गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, तर नुसते इंधन सुमारे १७ हजार रुपयांचे होते. टोल, दोन मुक्काम, ट्रॅकचे शुल्क आणि ट्रॅकवरचे पेट्रोल वेगळे. ट्रॅकवर सरासरी ताशी १०० चा वेग राहिला, तर १५ मिनिटांच्या चार सत्रांत गाडी फक्त १०० किलोमीटर धावते. म्हणजे शंभर किलोमीटरच्या हौसेसाठी २६०० किलोमीटरचा प्रवास. तोही दमलेल्या चालकाने आणि झिजलेल्या पॅडवर. खरा धोका अनेकदा ट्रॅकवर नसून त्या परतीच्या रात्री असतो. त्यामुळे दूरच्या ट्रॅकहून त्याच रात्री निघू नये आणि सोबत दुसरा चालक असावा.

हेच गणित तळेगावच्या बाजूला केले, तर प्रवासाचे इंधन हजार-दीड हजारांत बसते आणि उरलेला पैसा प्रशिक्षणावर खर्च करता येतो. हाताशी पाच लाख असतील, तर पाच लाखांची गाडी घेण्यापेक्षा साडेतीन लाखांची गाडी, लाखभर रुपये टायर-ब्रेक-सर्व्हिसिंगसाठी आणि पन्नास हजार शुल्क-प्रवासासाठी, अशी विभागणी अधिक शहाणपणाची. आणि गाडी घेण्याआधी दोन-तीन वेळा गो-कार्टिंग करून पाहावे. वळणाची रेषा, ब्रेक कुठे सोडायचा आणि नजर कुठे ठेवायची हे तिथेही शिकता येते, तेही स्वतःची गाडी न झिजवता.

परवडणारी गाडी म्हणजे ज्या किमतीला ती घेतली, तेवढी रक्कम एका दिवसात गेली तरी घरखर्च आणि हप्ते अडणार नाहीत, अशी गाडी. ही अट लावली की यादी आपोआप लहान होते. त्या यादीत उरलेली गाडी कदाचित सर्वांत साधी असेल. पण रविवारी ट्रॅकवर धावून सोमवारी सकाळी ती पनवेल स्थानकापर्यंत नेहमीसारखी चालली पाहिजे. कायद्याला, विम्याला आणि घरच्यांना हेच अपेक्षित आहे.